ज्येष्ठमध : गोड मुळीची कडक परीक्षा

चंदगडचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे, त्यांना ज्येष्ठमधाची ओळख करून देण्याचे कारण नाही. मृग लागला की घाटाकडचे धुके ताम्रपर्णीच्या काठापर्यंत उतरते, भिंतींना ओल येते, आणि मग घरोघरी खोकल्याची ढास सुरू होते. अशा वेळी घरातली वडीलधारी बाई फडताळातला डबा काढते आणि पिवळसर, सुरकुतलेल्या सालीचा एक काडीवजा तुकडा हातावर ठेवते. ‘हा गालात धर, घसा मोकळा होईल,’ एवढेच तिचे सांगणे. तान्ह्या मुलाच्या बाळगुटीतही हीच मुळी असते. सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरुडशेंग यांच्याबरोबर तिचेही चार वेढे घेतले जातात. कीर्तनकार उभे राहण्यापूर्वी तिचा तुकडा चघळतात, गाणारे चघळतात, आणि व्याख्यातेही चघळतात, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

इतक्या ओळखीच्या वस्तूवर तासभर बोलावयाचे काय, असे कोणासही वाटेल. परंतु ओळख असणे निराळे आणि माहिती असणे निराळे. या मुळीची परीक्षा गेली सुमारे ऐंशी वर्षे जगातील निरनिराळ्या रुग्णालयांत चालू आहे. त्या परीक्षेत ती काही विषयांत उत्तीर्ण झाली, काहींत नापास झाली, आणि एका विषयात तिने परीक्षकांनाच धक्का दिला. तो धक्का कोणता, हे आपल्यापैकी ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे त्यांनी तरी समजून घेतलेच पाहिजे. आजच्या विवेचनाचे खरे कारण तेच आहे.

मुळी कोठली?

प्रथम एक गैरसमज दूर करू. ज्येष्ठमध आपल्या रानातले नव्हे. ते शिंबी कुलातले, म्हणजे वाल-हरभऱ्याच्या गणगोतातले, कमरेइतके किंवा थोडे अधिक उंच वाढणारे, निळसर जांभळ्या फुलांचे झुडूप आहे. भूमध्य समुद्राच्या काठापासून इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियापर्यंतच्या कोरड्या मुलखात, नद्यांच्या काठच्या खोल रेताड जमिनीत ते वाढते. लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याची लांब मुळे खणून काढतात व वाळवतात. आपल्या तांबड्या जांभ्याच्या जमिनीत आणि धो धो पावसात ते तग धरणार नाही. भारतात त्याच्या लागवडीचे प्रयत्न झाले आहेत, पण बाजारातला पुष्कळसा माल बाहेरूनच येतो. चंदगडच्या घरांत तो बहुधा बेळगावच्या बाजारातून येत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि चंदगड बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आले; बाजाराच्या वाटा मात्र कागदावरच्या रेघेने बदलत नाहीत.

‘पण आमच्या कुंपणावरच्या गुंजेचा पाला तसाच गोड लागतो की!’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. गुंजेची पाने विड्यात घालतात ती त्या गोडीसाठीच, आणि तिची मुळीही ज्येष्ठमधाऐवजी वापरण्याचा प्रघात होता. इंग्रजी ग्रंथांत तर गुंजेला ‘हिंदी ज्येष्ठमध’ असेच नाव दिलेले आढळते. पण हे साम्य जिभेपुरतेच समजावे. सोनाराच्या तराजूत मानाने बसलेल्या त्या तांबड्या, काळ्या डोळ्याच्या बीमध्ये ‘अब्रिन’ नावाचे अत्यंत जहाल विष असते. बी चावून पोटात गेली तर जिवावर बेतते. चव सारखी म्हणून वस्तू सारखी, हा हिशेब औषधाच्या बाबतीत चालत नाही. मुलांना हे घराघरांतून सांगितले पाहिजे.

नावाचीही एक मौज आहे. या मुळीचा मधाशी संबंध नाही आणि ज्येष्ठपणाशी तर नाहीच नाही. संस्कृतात ‘यष्टी’ म्हणजे काठी. ‘यष्टिमधु’ म्हणजे गोड काठी. त्याचाच अपभ्रंश होत होत आपले ज्येष्ठमध झाले. ग्रीकांनीही तेच केले. ‘ग्लुकुस’ म्हणजे गोड आणि ‘ऱ्हिझा’ म्हणजे मूळ. त्यावरून वनस्पतीचे शास्त्रीय नाव ‘ग्लिसिरायझा’ आले आणि तिच्यातील गोड द्रव्यालाही ‘ग्लिसिरायझिन’ म्हणू लागले. हे द्रव्य साखरेपेक्षा सुमारे पन्नासपट गोड असते. आजच्या गोष्टीचा नायक तेच, आणि खलनायकही तेच. म्हणून हे एक अवघड नाव आपण लक्षात ठेवू.

चरकसंहितेत औषधांचे दहा-दहांचे गट केले आहेत. त्यांपैकी जीवनशक्ती राखणाऱ्या ‘जीवनीय’ गटात आणि कंठास हितकर अशा ‘कंठ्य’ गटात मधुक, म्हणजे ही मुळी, आहे. बुद्धिवर्धक म्हणून जी चार रसायने सांगितली आहेत त्यांतही दुधाबरोबर घ्यावयाचे यष्टिमधूचे चूर्ण आहे. तिकडे ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वीच थिओफ्रास्टसने या मुळीची नोंद केली. शक लोकांच्या देशातील हे मूळ दमा व कोरडा खोकला यांवर चालते, आणि ते तोंडात ठेवून ती माणसे दहा-बारा दिवस पाण्यावाचून राहतात, असे तो म्हणतो. ही आख्यायिका जशीच्या तशी कोणी खरी मानू नये. पण या मुळीचा आणि शरीरातील पाण्याचा काही संबंध आहे, एवढी शंका मनात ठेवून पुढे चलावे.

परीक्षा म्हणजे काय?

‘दोन हजार वर्षे लोक वापरत आले, आता परीक्षा कसली?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. इतका दीर्घ अनुभव म्हणजे एक मोठी शिफारसच होय. परंतु शिफारस म्हणजे निकाल नव्हे. आपला खोकला बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. त्या आठ दिवसांत आपण मुळी चघळली असेल तर श्रेय मुळीला, काढा घेतला असेल तर काढ्याला, आणि नवस बोलला असेल तर देवाला! खरे श्रेय कोणाचे, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरत नाही.

म्हणून शास्त्राने एक रीत घालून दिली आहे. एकाच रोगाचे पुष्कळ रोगी घ्यावयाचे. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाचीही आवडनिवड न ठेवता, त्यांचे दोन गट पाडावयाचे. एका गटास औषध द्यावयाचे आणि दुसऱ्यास दिसावयास व चवीस तसेच, पण औषध नसलेले लटके औषध. कोणाला काय मिळाले हे रोग्यास कळू द्यावयाचे नाही, आणि शक्य तर तपासणाऱ्यासही नाही. शेवटी गुणही मोजावयाचा आणि अपायही मोजावयाचा. हे ‘अपायही’ फार महत्त्वाचे. घरगुती औषधाच्या अनुभवात गुण तेवढा लक्षात राहतो. अपाय झाला तर तो दुसऱ्याच कशाच्या तरी माथी मारला जातो.

अशी परीक्षा आपल्या औषधांचा अपमान करण्यासाठी असते, असे कोणी समजू नये. उलट तीच त्यांना जगात मान मिळवून देते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना देऊन केलेले निरीक्षण १९४९ साली एका ब्रिटिश हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यातून या मुळीविषयी लिहिले होतेच. पण वकिलांच्या लेखानंतर सारे जग तिच्याकडे वळले. पुढे तिच्यातून ‘रेसरपिन’ हे द्रव्य वेगळे झाले आणि काही वर्षे ते रक्तदाबावरचे एक प्रमुख औषध होते. अधिक वापर झाल्यावर काही रुग्णांना मनाची खिन्नता येते हेही दिसून आले, आणि आज त्याचा वापर फार कमी झाला आहे. गुण आणि मर्यादा, दोन्ही परीक्षेनेच दाखविल्या. सर्पगंधा रक्तदाब उतरविते. आपली ज्येष्ठमधाची मुळी काय करते, ते आता पाहू.

हॉलंडमधला औषधविक्रेता

ही गोष्ट सुरू होते हॉलंडमधील हीरनवेन या लहान गावी, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. तेथे रेव्हर्स नावाचे डॉक्टर होते. पोटातील व्रणाचे, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला पडणाऱ्या जखमेचे, त्यांचे काही रोगी एका स्थानिक औषधविक्रेत्याचे मिश्रण घेऊन बरे होत आहेत, असे त्यांच्या लक्षात आले. दुसरा एखादा डॉक्टर रागावला असता. रेव्हर्स यांनी त्या मिश्रणात काय आहे याची चौकशी केली. त्यात ज्येष्ठमधाचा घट्ट अर्क भरपूर होता. मग त्यांनी स्वतःच तो अर्क रोग्यांना देऊन पाहिला आणि १९४६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्रण भरून येत होते.

पण रेव्हर्स यांचा मोठेपणा पुढेच आहे. त्यांनी गुणाबरोबर अपायही लिहून ठेवला. सुमारे पाचांत एका रोग्याच्या चेहऱ्यावर व पायांवर सूज येत होती. डोके दुखे, धाप लागे. अर्काचे प्रमाण कमी केले की हे सारे मावळे. सूज म्हणजे पाणी. शरीरात पाणी कोण अडवीत होते?

या प्रश्नाचा माग ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक बोर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी घेतला. १९५० साली त्यांनी दाखविले की ज्येष्ठमधाच्या अर्काने शरीरात मीठ व पाणी साठते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ज्या दोन लहान ग्रंथी आहेत, त्यांतील एका स्रावाचे काम नेमके असेच असते. म्हणजे ही मुळी शरीरातल्याच एका स्रावाची नक्कल करते की काय? ज्यांच्या या ग्रंथी निकामी होतात त्यांना ॲडिसनचा रोग होतो; अंगात मीठ टिकत नाही आणि माणूस खंगत जातो. अशा रोग्यांना ज्येष्ठमध देऊन पाहण्यात आले. काहींना उत्तम गुण आला, काहींना मुळीच नाही. १९५३ साली बोर्स्ट यांच्याच गटाने नोंदविले की ज्या रोग्याच्या ग्रंथी अगदीच निकामी आहेत त्याला नुसत्या ज्येष्ठमधाने काही होत नाही; परंतु त्याबरोबर थोडे ‘कॉर्टिझोन’ दिले की परिणाम दिसतो. मुळी नक्कल करीत असती तर तिला या मदतीची गरज का पडावी? हे कोडे पुढे तीस-चाळीस वर्षे तसेच राहिले.

दरम्यान इंग्लंडमध्ये त्या गोड द्रव्यापासून ‘कार्बेनॉक्सोलोन’ नावाची गोळी तयार झाली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून देणारे रिचर्ड डॉल यांनी १९६२ साली आपल्या सहकाऱ्यांसह तिची रीतसर परीक्षा घेतली. जठरातील व्रण लटक्या गोळीपेक्षा या गोळीने लवकर भरतात असे दिसले. जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या तोंडाशी होणाऱ्या व्रणाबाबत मात्र तसे दिसले नाही. घरगुती मुळीतून निघालेले हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आले. पण सूज, वाढलेला रक्तदाब आणि घटलेले पोटॅशियम ही जुनी दुखणीही त्याच्यामागे आली. मग काहींनी ग्लिसिरायझिन काढून टाकलेले ज्येष्ठमध बनविले. अपाय गेला, परंतु १९७८ साली जठरव्रणावर त्याची परीक्षा झाली तेव्हा गुणही दिसला नाही! १९७६ साली इंग्लंडात ‘सिमेटिडीन’ आले, व्रणावर अधिक चांगली औषधे मिळू लागली, आणि ज्येष्ठमधाची गोळी मागे पडली. पुढे ऑस्ट्रेलियातील वॉरन व मार्शल यांनी पुष्कळशा व्रणांचे मूळ एका जंतूत आहे हे दाखविले, त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि व्रणाच्या उपचाराची दिशाच बदलली.

पहारेकरी आणि कुलूप

बोर्स्ट यांचे कोडे सुटले ते १९८७ साली, एडिंबरोत. स्ट्युअर्ट, एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी यांनी ते सोडविले. उत्तर समजावयास सोपे आहे.

मूत्रपिंडात मीठ परत घेणारे एक दार आहे असे समजा. त्याच्या कुलपाची किल्ली म्हणजे ‘अल्डोस्टेरॉन’ नावाचा स्राव. तो फार थोड्या प्रमाणात असतो, त्यामुळे दार बेताने उघडते. पण रक्तात ‘कॉर्टिसॉल’ नावाचा दुसरा स्राव शेकडो पटींनी अधिक असतो, आणि अडचण अशी की त्याचीही किल्ली त्याच कुलपाला बसते. मग दार सदासर्वदा सताड उघडे का राहत नाही? कारण निसर्गाने तेथे एक पहारेकरी ठेवला आहे. हा पहारेकरी म्हणजे एक विकर. तो दाराशी येणाऱ्या कॉर्टिसॉलचे रूप बदलून त्याचे कॉर्टिझोन करतो, म्हणजे त्या किल्लीचे दातच घासून टाकतो. ज्येष्ठमध पोटात गेले की त्यातील ग्लिसिरायझिनापासून जे द्रव्य तयार होते, ते या पहारेकऱ्याला झोपविते. पहारेकरी झोपला की कॉर्टिसॉलचा लोंढा कुलूप उघडतो. मीठ आत, त्यामागून पाणी आत, रक्तदाब वर, आणि पोटॅशियम बाहेर.

मुळी स्वतः किल्ली नाही; ती पहारेकऱ्यास फितविते. ज्याच्या शरीरात कॉर्टिसॉलच नाही त्याच्या दाराशी पहारेकरी झोपला काय आणि जागा काय, सारखेच. म्हणून अशा रोग्याला कॉर्टिझोनची जोड लागत असे, कारण शरीर त्याचे पुन्हा कॉर्टिसॉल करू शकते. रेव्हर्स यांच्या रोग्यांची सूज, बोर्स्ट यांचे कोडे आणि कार्बेनॉक्सोलोनचे अपाय, तिन्हींचा उलगडा एका पहारेकऱ्याने झाला.

घशाचे काय?

आता कोणी म्हणेल, ‘हे पोटाचे झाले, आमच्या घशाचे काय?’ घशाच्या बाबतीत आपल्या आज्यांच्या बाजूने साक्ष देणारे प्रयोग झाले आहेत.

शस्त्रक्रियेसाठी भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात. शुद्धीवर आल्यावर पुष्कळांचा घसा दुखतो. २००९ साली लखनौच्या डॉक्टरांनी चाळीस रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना भूल देण्यापूर्वी पाच मिनिटे, अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध तीस मिलिलिटर पाण्यात घालून त्याच्या गुळण्या करावयास दिल्या. निम्म्यांना साध्या पाण्याच्या. मुळीवाल्यांचा घसा कमी दुखला. पण चाळीस माणसे म्हणजे थोडी, आणि ज्येष्ठमधाचे पाणी चवीने ओळखू येते. व्हिएन्नातील डॉक्टरांनी हे दोन्ही दोष टाळावयाचा प्रयत्न केला. त्यांनी २३६ रुग्ण घेतले, आणि ज्यांना मुळी द्यावयाची नाही त्यांना साखरेचे गोड पाणी दिले. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर दीड तासाने साखरपाणी घेतलेल्यांपैकी शेकडा ३५ जणांचा घसा दुखत होता. ज्येष्ठमध घेतलेल्यांपैकी फक्त शेकडा १० जणांचा. चार तासांनी हेच आकडे ४५ आणि २१ होते. नुसत्या गोडीचे हे काम नव्हे, मुळीचे आहे, असे म्हणावयास आता आधार मिळाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गुळणी थुंकून टाकतात. गुण घशास मिळतो आणि मूत्रपिंडापर्यंत काही जात नाही. मात्र नळीने दुखावलेला घसा आणि पावसाळ्यातला खोकला हे एकच नव्हेत. एकावरची साक्ष दुसऱ्याला जशीच्या तशी लागू करता येत नाही.

अपचनाच्या तक्रारीवरही आपल्या देशात काम झाले आहे. ज्यांच्या पोटात व्रण वगैरे काही सापडत नाही, पण जेवल्यावर जडपणा, जळजळ, ढेकर यांनी जे बेजार असतात, अशा पन्नास माणसांवर बंगळूरूच्या एका कंपनीने बनविलेल्या ज्येष्ठमधाच्या अर्काचा प्रयोग झाला. तीस दिवसांत लटक्या औषधापेक्षा बरे वाटल्याचा निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. या अर्कात ग्लिसिरायझिन नाममात्रच असते. निकाल आशादायक आहे. पण माणसे थोडी, काळ थोडा, आणि अर्क कंपनीचा स्वतःचा. अशा वेळी दुसऱ्या कोणी, तटस्थपणे, अधिक माणसांवर तेच करून पाहीपर्यंत निकाल राखून ठेवणे हे शहाणपणाचे.

आणि २०२०? ते वर्ष कोणी विसरलेले नाही. करोनाच्या साथीत घरोघर काढे उकळत होते. त्या वर्षी ७ मे रोजी केंद्र सरकारने चार आयुर्वेदीय औषधांच्या रुग्णांवरील चाचण्या जाहीर केल्या. अश्वगंधा, यष्टिमधु, गुळवेल व पिंपळी यांचे मिश्रण, आणि आयुष-६४ ही ती चार. ज्या कार्यगटाने हे ठरविले त्याचे अध्यक्ष पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन होते. आपल्या वैद्यकाने आपण होऊन परीक्षेस बसावे, ही गोष्ट अभिनंदनीयच होय. पण त्या दिवसांत अनेकांनी ‘चाचणी जाहीर झाली’ याचा अर्थ ‘औषध सापडले’ असा घेतला. मुलाचे नाव परीक्षेच्या यादीत लागले म्हणून आपण पेढे वाटत नाही. निकाल लागल्यावर वाटतो. औषधाच्या बाबतीतही तोच नियम असावा.

किती आणि कोणी?

आता सर्वांत व्यवहाराचा भाग. युरोपीय संघाच्या अन्नविषयक शास्त्रीय समितीने २००३ साली असे मत दिले की रोजच्या नियमित सेवनात ग्लिसिरायझिन १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक जाऊ नये. चांगल्या मुळीत ते शेकडा चारच्या आसपास किंवा अधिकही असते. आयुर्वेदाच्या भारतीय औषधकोशात चूर्णाची मात्रा दिवसाला २ ते ४ ग्रॅम दिली आहे. गणित आपणच करा. तीन ग्रॅम चूर्ण, शेकडा चार हिशेबाने, म्हणजे १२० मिलिग्रॅम. वैद्याने आठ-पंधरा दिवसांसाठी दिलेली मात्रा ही एक गोष्ट. तीच मात्रा ‘गोडच आहे, काय होते?’ म्हणून वर्षभर चहात घालून घेणे ही निराळी गोष्ट. आणि १०० मिलिग्रॅम ही सीमाही सर्वांना निर्धोक नाही. स्वीडनमध्ये २८ निरोगी तरुणांना रोज तेवढेच ग्लिसिरायझिन दोन आठवडे देऊन पाहिले. वरचा रक्तदाब सरासरी तीन अंशांनी वाढला. हे निष्कर्ष २०२४ सालचे आहेत. निरोगी तरुणाला तीन अंश म्हणजे काही नव्हे. पण ज्याचा दाब मुळातच वर आहे त्याचे काय?

समजा, एक आजोबा आहेत. रक्तदाब आहे, त्यासाठी लघवी साफ करणारी गोळी रोज चालू आहे. त्या गोळीनेही पोटॅशियम कमी होतेच. त्यांनी खोकल्यासाठी सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. गोळीने पोटॅशियम घटते, काढ्यानेही घटते. पाय दुखू लागतात, वांब येतात, हातापायांतली शक्ती जाते, छातीत धडधडते. घरचे म्हणतात वय झाले. डॉक्टरांना दाब का उतरत नाही ते कळत नाही, कारण काढ्याविषयी त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ‘ते काय औषध आहे होय?’ असे आजोबांना वाटते! हृदयाचे ठोके पोटॅशियमवर अवलंबून असतात; ते फार घटले तर ठोका चुकतो, आणि कधी थांबतोही. अमेरिकेत एक ५४ वर्षांचा गृहस्थ रोज पिशवीभर ज्येष्ठमधाच्या गोळ्या खाऊन याच रीतीने दगावला. २०२० साली तेथील डॉक्टरांनी ती हकीकत प्रसिद्ध केली.

तेव्हा रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही असेल, लघवीची गोळी किंवा हृदयासाठी ‘डिगॉक्सिन’ चालू असेल, तर ज्येष्ठमध डॉक्टरांना विचारल्यावाचून पोटात घेऊ नये. गरोदर स्त्रियांनीही टाळावे. फिनलंडमध्ये २००१ पासून झालेल्या अभ्यासांत, गरोदरपणी ज्या स्त्रियांनी ते फार खाल्ले त्यांची प्रसूती लवकर झाल्याचे व त्यांच्या मुलांच्या वाढीवर परिणाम झाल्याचे आढळले आहे. इतरांनी घसा धरला असता चार दिवस तुकडा चघळला तर घाबरण्याचे कारण नाही. त्यातही गुळणी बरी. सूज, डोकेदुखी किंवा हातापायांत अशक्तपणा दिसला तर मुळी बंद करावी आणि डॉक्टरांकडे जावे. झोपलेला पहारेकरी जागा व्हावयास काही दिवस, क्वचित आठवडा-दोन आठवडेही लागतात. आणि सर्वांत सोपी गोष्ट अशी की दवाखान्यात ‘आणखी काय घेता?’ असे विचारले की काढा, चूर्ण, बाळगुटी सारे सांगावे. न विचारले तरी सांगावे.

शेवटी एक विचार मांडून थांबतो. आपल्याकडे औषधांविषयी दोन पक्ष पडले आहेत. एकाला जुने ते सारे सोने वाटते, दुसऱ्याला जुने ते सारे थोतांड. ज्येष्ठमधाने दोघांनाही खोटे पाडले आहे. तिला थोतांड म्हणणाऱ्याने व्हिएन्नातले आकडे पाहावेत. तिला निरुपद्रवी म्हणणाऱ्याने रेव्हर्स यांच्या रोग्यांचे सुजलेले चेहरे आठवावेत. ज्या वस्तूत गुण करण्याचे सामर्थ्य आहे, तिच्यात अपाय करण्याचेही सामर्थ्य असते.

आपल्या सह्याद्रीत अशा कितीतरी मुळ्या आणि साली आहेत, ज्यांची नावे अजून रानात हिंडणाऱ्या माणसांनाच माहीत आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी बेळगावात २००६ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एक केंद्र उघडले; आज ते पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था म्हणून काम करते. हीरनवेनच्या डॉक्टरांनी औषधविक्रेत्याच्या बाटलीला नाक मुरडले असते तर ही सारी विद्या जन्मास आली नसती. आणि बाटलीवर डोळे मिटून विश्वास ठेवला असता तरीही आली नसती. त्यांनी विचारले, पाहिले, मोजले आणि जे दिसले ते, प्रतिकूल होते तेही, लिहून ठेवले. फडताळातल्या डब्याकडे आपणही याच नजरेने पाहावे. घरातल्या आज्यांचे ऐकावे, आणि ऐकल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा : किती, किती दिवस, आणि कोणी घेऊ नये?